पोकर : पडद्यावर शिकलेला खेळ आणि टेबलावरचे नियम

चेन्नईच्या दक्षिण भागातील अड्यार ही नदीकाठची जुनी वसाहत. थिऑसॉफिकल सोसायटीचे मुख्यालय १८८२ पासून येथे आहे आणि बाहेरगावच्या लोकांना अड्यारचे नाव बहुधा त्यामुळेच ठाऊक असते. गेल्या दोन-अडीच दशकांत मात्र या परिसराची आणखी एक ओळख निर्माण झाली. मध्य कैलाश मंदिरापासून सुरू होणाऱ्या राजीव गांधी मार्गावर माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची रांग उभी राहिली आणि नोकरीनिमित्त देशभरातून तरुण मंडळी येथे राहावयास आली. त्यांत पुण्या-मुंबईचे, नागपूर-कोल्हापूरचे मराठी तरुणही आहेत. शनिवारी रात्री मित्रमंडळी जमली की अशा घरांमध्ये पत्त्यांचा कॅट निघतो, आणि आता तो रमीसाठी किंवा तीन पत्तीसाठीच निघेल असे नाही. बऱ्याचदा तो पोकरसाठी निघतो.

या मंडळींपैकी अनेकांनी पोकर शिकला तो मोबाइलच्या पडद्यावर. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला, २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि पोकरच्या भारतीय संकेतस्थळांनी पैशांचे खेळ थांबविले. ज्यांची आवड कायम राहिली ते प्रत्यक्ष टेबलाकडे वळले. कोणी मित्राच्या दिवाणखान्यात, तर कोणी सुटी काढून गोव्यात मांडवी नदीवरच्या कॅसिनोत.

आणि तेथेच घोटाळा होतो. पडद्यावर खेळताना नियम पाळण्याचे काम संगणक करीत असतो. पाळी आल्याखेरीज बटण दाबताच येत नाही, किमान वाढीपेक्षा कमी रक्कम लिहिता येत नाही, कोणाचा हात श्रेष्ठ हे यंत्र स्वतः ठरविते आणि पॉटची वाटणी पैशापर्यंत अचूक होते. त्यामुळे हजारो डाव खेळलेल्या माणसालाही नियम शिकण्याची वेळ आलेली नसते. प्रत्यक्ष टेबलावर हे सर्व खेळाडूच्या हाताने आणि जिभेने व्हावयाचे असते. तेथे चूक झाली तर पडदा थांबवीत नाही. चिप्स मात्र जातात.

दिवाळीतली तीन पत्ती

आपल्याकडे पोकरचा दुसरा गुरू म्हणजे दिवाळीत किंवा लग्नघरात खेळली जाणारी तीन पत्ती. तिच्यामुळे पत्त्यांची भीती जाते, परंतु तिच्या काही समजुती पोकरमध्ये सरळ नुकसान करतात.

सर्वांत जास्त खेळल्या जाणाऱ्या टेक्सस होल्डेम या प्रकारात प्रत्येकास दोन पत्ते झाकून मिळतात आणि पाच पत्ते टेबलाच्या मध्यभागी सर्वांसाठी उघडले जातात. प्रथम एकदम तीन, मग एक, मग शेवटचा एक. पत्ते वाटल्यानंतर आणि प्रत्येक उघडणीनंतर पैसे लावण्याची एक, अशा एकूण चार फेऱ्या होतात. या सात पत्त्यांतून कोणतेही पाच निवडून सर्वांत मोठा हात बांधावयाचा असतो.

यातील ‘ब्लाइंड’ हा शब्द तीन पत्तीतल्या ब्लाइंडपेक्षा निराळा आहे. तीन पत्तीत पत्ते न पाहता, म्हणजे ब्लाइंड, खेळणारा पत्ते पाहून खेळणाऱ्याच्या निम्मी चाल देतो. पोकरमध्ये ब्लाइंड ही सवलत नसून सक्ती आहे. वाटणाऱ्याच्या डावीकडील दोन जागांना पत्ते येण्यापूर्वीच ठरावीक रक्कम टाकावी लागते, लहान आणि मोठी. डावागणिक ही जबाबदारी पुढे सरकते. शेवटचे दोघे उरले की पैसे देऊन ‘शो’ मागण्याचा तीन पत्तीतला अधिकार येथे नाही, आणि शेजाऱ्याशी गुपचूप पत्ते ताडून पाहणारा ‘साइड शो’ तर मुळीच नाही.

हातांची उतरंडही वेगळी आहे. तीन पत्तीत क्रमवार पत्ते, म्हणजे रन, हा एकाच रंगाच्या तीन पत्त्यांपेक्षा मोठा. पोकरमध्ये याच्या अगदी उलट. हे मनमानी नाही, त्यामागे साधे गणित आहे. बावन्न पत्त्यांतून तीन पत्ते निवडण्याचे २२,१०० प्रकार होतात. त्यांत साधा रन ७२० वेळा येतो, तर नुसता रंग १,०९६ वेळा, म्हणून रन दुर्मीळ आणि मोठा. पाच पत्त्यांचे प्रकार २५,९८,९६० होतात. त्यांत साधा क्रम १०,२०० वेळा, तर रंग ५,१०८ वेळाच येतो, म्हणून येथे रंग मोठा. (जाता जाता : तीन पत्तीत सर्वश्रेष्ठ मानली जाणारी ‘ट्रेल’ ५२ प्रकारे येते आणि तिच्या खालचा शुद्ध क्रम केवळ ४८ प्रकारे. तेव्हा गणिताचा न्याय दिवाळीच्या डावातही पुरता पाळला जात नाही.)

एक्का-दुर्री-तिर्री हा तीन पत्तीत दुसऱ्या क्रमांकाचा मोठा रन मानला जातो. पोकरमध्ये एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी हा क्रम चालतो खरा, पण तो सर्वांत लहान. राणी-राजा-एक्का-दुर्री-तिर्री असा वळसा घालून केलेला क्रम तर क्रमच नव्हे. तसेच इस्पिक मोठे आणि किलवर लहान, ही समजूतही येथे बाद आहे. होल्डेममध्ये पॉट जिंकण्यासाठी रंगाला श्रेष्ठ-कनिष्ठ भाव नाही; हात सारखे असतील तर पॉटचे दोन भाग होतात.

‘तीन जोड्या’ हा आणखी एक भ्रम. समजा, टेबलावर निरनिराळ्या रंगांचे दोन एक्के, दोन राजे आणि एक राणी आहे. एकाच्या हाती दश्शीची जोडी आहे, दुसऱ्याच्या हाती चौकी आणि तिर्री. पहिला मोठ्या आनंदाने तीन जोड्या दाखवतो. पण हात पाच पत्त्यांचाच. दोघांचाही सर्वोत्तम हात दोन एक्के, दोन राजे आणि राणी हाच होतो. पॉट निम्मा-निम्मा. दश्शीची जोडी सहाव्या-सातव्या पत्त्यात गेली. घरगुती डावांत सर्वाधिक वाद या प्रसंगावर होतात, आणि आवाज चढविणारा बहुधा दश्शीवालाच असतो.

हात आणि जीभ

चित्रपटांतला नायक चिप्स सरकवितो आणि क्षणभर थांबून, डोळे रोखून, ‘आणि वर इतके’ असे म्हणत आणखी चिप्स पुढे ढकलतो. हे दृश्य प्रेक्षकांना आवडते, पण कोणत्याही शिस्तीच्या टेबलावर त्याचा दुसरा ढीग परत केला जाईल. या प्रकारास ‘स्ट्रिंग बेट’ म्हणतात. पहिल्या चिप्सवर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो ते पाहून मग वाढ करावयाची की नाही हे ठरविण्याची संधी अशा तुकड्या-तुकड्यांच्या चालीतून मिळते. ती संधी मिळू नये म्हणून एकाच हालचालीत पुढे आलेल्या चिप्सच धरल्या जातात. ‘तुमचे शंभर दिले आणि वर दोनशे’ हे वाक्यही याच कारणाने चालत नाही. ‘शंभर दिले’ म्हणताच चाल संपली. आधी ‘रेझ’ हा शब्द उच्चारावा, मग रक्कम सांगावी, मग हवे तितक्या वेळा ढिगाकडे हात न्यावा.

एकट्या मोठ्या चिपचा नियम तर नवख्यांना हमखास चकवितो. समोरच्याने २०० लावले आहेत आणि तुम्ही काहीही न बोलता १,००० ची एक चिप पुढे टाकली, तर ती वाढ धरली जात नाही. ती केवळ २०० ची भरणा होते आणि ८०० परत मिळतात. तुमच्याकडे एक्क्यांची जोडी होती आणि तुम्हाला वाढवायचेच होते, हे नंतर सांगून उपयोग नसतो. मात्र तुमच्या आधी त्या फेरीत कोणीच पैसे लावले नसतील, तर तीच मुकाट चिप पूर्ण १,००० ची चाल ठरते. नियम विचित्र वाटतो, पण तर्क सरळ आहे. सुट्या चिप्स नसलेला माणूस मोठी चिप टाकून सुटे परत घेतो, हे टेबलावर नित्य घडते. त्याला प्रत्येक वेळी वाढ मानले तर अनर्थ होईल.

किमान वाढ म्हणजे आधीच्या रकमेची दुप्पट, असे जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. तसे नाही. वाढ किमान आधीच्या वाढीइतकी असावी लागते. मोठा ब्लाइंड १०० चा आहे आणि कोणी ३०० केले, तर वाढ २०० ची झाली. पुढच्याने किमान ५०० करावयाचे, ६०० नव्हे. पडद्यावर हा आकडा आपोआप दिसत असे, म्हणून तो कसा निघतो याचा विचार कोणी केला नाही.

बोललेला शब्द बांधील असतो, हे ऐकून माहीत असते. न बोललेली कृतीही बांधील असते, हे नसते. टेबलावर बोटांनी टकटक करणे म्हणजे ‘चेक’, अर्थात पैसे न लावता पाळी पुढे देणे. विचार करताना बोटे वाजविण्याची सवय असलेल्या माणसाने पाळी आल्यावर हात टेबलाखाली ठेवलेला बरा. पाळी येण्यापूर्वी पत्ते टाकून देणे किंवा ‘मी भरतो’ म्हणणे हीदेखील अशीच एक सवय. घरी ती घाई समजली जाते, कार्ड रूममध्ये तो दोष आहे. चौथ्या जागेवरचा माणूस आधीच बाद झाल्याचे कळले तर दुसऱ्या जागेवरच्यास बेधडक वाढ करता येते आणि त्याचा भुर्दंड तिसऱ्यास बसतो, ज्याने काहीच चूक केलेली नसते. स्पर्धांमध्ये पाळी सोडून बोललेली चाल, मधल्या कोणी परिस्थिती बदलली नाही तर, बोलणाऱ्यास बांधील धरतात. बदलली, तर त्याला पुन्हा निर्णय घेता येतो.

द्यूतसभेतला पण येथे चालत नाही

महाभारतातील द्यूतसभा आपल्या मनात इतकी रुजली आहे की जुगार म्हटला म्हणजे एकामागून एक पणाला लागणारी संपत्ती डोळ्यांसमोर येते. युधिष्ठिराने द्रव्य, राज्य, बंधू, स्वतःला आणि अखेर द्रौपदीलाही पणाला लावले. पोकरच्या टेबलाचा पहिला नियम नेमका याच्या आड येतो. डाव सुरू होताना जे टेबलावर समोर मांडलेले असेल, तेवढेच त्या डावात लावता येते. खिशातले पाकीट, घड्याळ, गाडीची किल्ली, ‘उद्या देतो’ हा शब्द, यांपैकी काहीही डावाच्या मध्यात आणता येत नाही.

या नियमाची दुसरी बाजू कमी लोकांना ठाऊक आहे. समोरच्याने तुमच्याकडे आहे त्याहून अधिक रक्कम लावली, म्हणून तुम्हाला डाव सोडावा लागत नाही. तुमच्याकडे ५०० आहेत आणि इतर दोघांनी प्रत्येकी २,००० लावले, तर तुमचे ५०० आणि त्या दोघांचे तितकेच मिळून १,५०० चा मुख्य पॉट होतो आणि त्यावर तुमचा हक्क राहतो. उरलेल्या ३,००० चा वेगळा पॉट त्या दोघांपुरता. तुमचा हात सर्वांत मोठा असला तरी तुम्ही १,५०० च जिंकता. आणि सर्वस्व लावणारा हरला व त्याच्याकडे जिंकणाऱ्यापेक्षा अधिक चिप्स होत्या, तर वरच्या चिप्स त्याच्याच राहतात. हा हिशेब हाताने करावयाची वेळ आली की अभियंत्यांच्या टेबलावरही कागद-पेन्सिल लागते.

याला जोडून एक बारीक कंगोरा आहे. पहिल्याने १,००० लावले. दुसऱ्याकडे १,४०० च होते, त्याने सर्व लावले. तिसऱ्याने १,४०० भरले. आता पहिल्यास पुन्हा वाढ करता येते का? येत नाही. दुसऱ्याची वाढ ४०० ची, म्हणजे पूर्ण वाढीहून कमी होती. तिने पहिल्यासाठी फेरी नव्याने उघडत नाही. तो ४०० भरू शकतो किंवा पत्ते टाकू शकतो. तिसऱ्यास मात्र, त्याची पाळी पहिल्यांदाच आली असल्याने, वाढ करण्याची मुभा होती.

जिंकलेल्या चिप्स हळूच खिशात टाकणेही याच नियमात बसत नाही. टेबलावर बसला आहात तोवर त्या टेबलावरच राहिल्या पाहिजेत, कारण हरलेल्यास त्या परत जिंकण्याची संधी मिळावी. पण जिंकल्यावर सर्व चिप्स घेऊन सरळ उठून जाण्यास कोणी मनाई करू शकत नाही. काही मंडळी त्याला असभ्यपणा म्हणतात. माझ्या मते हा शिष्टाचार हरणाऱ्यांनी रचलेला आहे. निघण्याची वेळ आधी सांगून ठेवली की तक्रारीला जागा उरत नाही.

पत्ते स्वतः बोलतात

शेवटच्या फेरीनंतर पत्ते उघडताना सर्वाधिक पैसा अनवधानाने जातो. नियम असा की उघडे केलेले पत्ते स्वतःच बोलतात. खेळाडू तोंडाने काय म्हणतो याला महत्त्व नाही. एखाद्याने ‘माझी फक्त जोडी’ असे म्हटले आणि उघड्या पत्त्यांत रंग जुळलेला असेल, तर तो रंगच धरला जाईल. पण हा नियम उघड्या पत्त्यांनाच लागू आहे. समोरच्याने ‘माझ्याकडे रंग आहे’ म्हणताच निराश होऊन आपले पत्ते झाकूनच पुढे फेकले, ते टाकलेल्या ढिगात मिसळले आणि मग त्या गृहस्थाचा रंग चारच पत्त्यांचा निघाला, तर फेकणाऱ्याचा हात मेला. पत्ते निश्चितपणे ओळखता आले तर पर्यवेक्षक, ज्याला कार्ड रूममध्ये ‘फ्लोअर’ म्हणतात, आपल्या विवेकाने काही सवलत देऊ शकतो. त्यावर विसंबून राहू नये. पॉट दुसऱ्याकडे सरकविला जाईपर्यंत पत्ते हातातून सोडू नयेत, हे प्रत्येक नवख्यास पहिल्या संध्याकाळीच सांगावयास हवे.

पत्ते आधी कोणी उघडायचे? शेवटच्या फेरीत ज्याने पैसे लावले किंवा वाढविले त्याने. त्या फेरीत कोणीच लावले नसतील, तर वाटणाऱ्याच्या डावीकडून सुरुवात. ‘तू दाखव, मग मी’ ही लांबलेली चढाओढ त्यामुळे निरर्थक आहे. पॉटवर हक्क सांगणाऱ्याने दोन्ही पत्ते दाखविले पाहिजेत; एकच पत्ता दाखवून ‘पुरे ना’ म्हणणे चालत नाही. हरलेल्याचे पत्ते पाहण्याची मागणी करण्याचा अधिकार अनेक ठिकाणी आहे, परंतु तो दोन खेळाडूंच्या संगनमताचा संशय असेल तेव्हासाठी आहे. समोरचा कसा खेळतो हे जाणण्यासाठी वारंवार ती मागणी करणे उद्धटपणाचे मानतात.

आपला हात नक्की जिंकतो हे ठाऊक असूनही समोरच्यास आपण जिंकलो असे वाटू द्यायचे आणि मग सावकाश पत्ते उघडायचे, हा प्रकार कोणताही नियम मोडत नाही. तरीही पोकरच्या जगात याहून निंद्य वर्तन दुसरे नाही.

गप्पांचे टेबल

आपल्याकडे पत्ते हा सामुदायिक खेळ आहे. कॅरमप्रमाणेच येथेही मागे उभे राहून सल्ला देणारा असतोच. पोकरमध्ये मात्र ‘एका हाताला एकच खेळाडू’ हा नियम कसून पाळला जातो. बाद झालेल्याने शेजाऱ्यास पत्ते दाखविणे, ‘मी सत्ती टाकली’ असे सांगणे, हे उरलेल्या खेळाडूंच्या पैशाशी खेळणे आहे. टेबलावर सत्तीची जोडी उघडताच हळहळून कपाळावर हात मारणेही त्यातच येते, कारण त्या हळहळीने सर्वांना कळते की एक सत्ती आता उरली नाही.

मराठी मंडळींनी विशेष लक्षात ठेवावे असा एक नियम भाषेचा आहे. अनेक कार्ड रूममध्ये डाव चालू असताना टेबलावर ठरवून दिलेल्या भाषेतच बोलावयाचे असते, आणि ती बहुधा इंग्रजी असते. २००१ मध्ये स्थापन झालेल्या आणि जगभरातील स्पर्धांसाठी नियमावली तयार करणाऱ्या टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनच्या नियमांतही अधिकृत भाषेचा विषय आहे. दोन मित्र आपसांत मराठीत बोलत असतील तर बोलणे जेवणाविषयी का असेना, इतरांना ते पत्त्यांविषयी आहे असे वाटण्यास जागा राहते. चेन्नईतील घरी बसलेल्या तमिळ, तेलुगू आणि मराठी मित्रांच्या डावातही हे पाळलेले बरे. मांडवीवरच्या बोटीत तर मराठी कोणाला समजणार नाही, असे गृहीत धरण्यात निराळाच धोका आहे.

पत्ते टेबलावर, सर्वांना दिसतील असे ठेवावे आणि त्यांवर एखादी चिप ठेवावी. मोकळे पडलेले पत्ते वाटणाऱ्याने चुकून ओढून घेतले तर ते गेले, आणि जबाबदारी खेळाडूची. मोठ्या किमतीच्या चिप्स ढिगाच्या मागे दडवू नयेत. समोरच्यास तुमच्याकडे किती आहे ते जाणण्याचा अधिकार आहे. चिप्स पॉटमध्ये उधळू नयेत, कारण मग किती आल्या ते मोजता येत नाही. वाटणाऱ्यावर रागावू नये, हे सांगावे लागते याचेच आश्चर्य वाटते. पत्ते तो वाटतो, निवडत नाही.

कायद्याचे टेबल

अड्यारच्या सदनिकेत चाललेला डाव कायद्याच्या दृष्टीने कोठे बसतो? याबाबत ‘पोकर कौशल्याचा खेळ आहे, म्हणून सर्व कायदेशीर’ हे उत्तर सर्रास दिले जाते. ते अर्धे आहे.

कौशल्य आणि नशीब यांतील भेदावर आपल्याकडील दोन महत्त्वाचे निर्णय दक्षिणेतूनच आले. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिकंदराबादच्या एका क्लबच्या प्रकरणात, म्हणजे आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध सत्यनारायण या खटल्यात, रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ ठरविला. आणि त्याच वेळी तीन पत्त्यांचा खेळ निव्वळ नशिबाचा असल्याचे नमूद केले. १९९६ मध्ये लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावणे हेही कौशल्यात मोडते, असे न्यायालयाने म्हटले. हा खटला ज्या मद्रास रेस क्लबशी संबंधित होता त्याचे गिंडीचे मैदान अड्यारपासून हाकेच्या अंतरावर आहे.

ऑनलाइन खेळांवरून तमिळनाडूत मोठा संघर्ष झाला. रमी आणि पोकरसह पैशांच्या सर्व ऑनलाइन खेळांवर घातलेली बंदी मद्रास उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केली. कर्जबाजारी होऊन झालेल्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्याने न्यायमूर्ती के. चंद्रू यांची समिती नेमली आणि २०२२ मध्ये नवा कायदा केला. राज्यपालांनी परत पाठविलेले विधेयक विधानसभेने पुन्हा संमत केले आणि एप्रिल २०२३ मध्ये त्यास संमती मिळाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती संजय गंगापूरवाला यांच्या खंडपीठाने हा कायदा वैध ठरविला, मात्र रमी आणि पोकर यांना नशिबाचे खेळ म्हणून त्यात घातलेला भाग रद्द केला. गंगापूरवाला यापूर्वी मुंबई उच्च न्यायालयात होते, हे वाचकांना आठवत असेल. संसदेच्या २०२५ च्या कायद्याने मात्र हा कौशल्य-नशिबाचा भेदच पैशांच्या ऑनलाइन खेळांपुरता बाजूला सारला.

प्रत्यक्ष टेबलाचे काय? तेथे राज्याराज्यांत एकवाक्यता नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये क्लबमधील पोकरला अनुकूल भूमिका घेतली, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकर हा जुगारच असल्याचे सांगितले. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यात पोकर, ब्रिज व रमी यांना जुगाराच्या व्याख्येतून नावानिशी वगळले आहे. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा केवळ कौशल्याच्या खेळांना सूट देतो, पण त्यात पोकरचे नाव नाही. कॅसिनोंसाठी राज्याने १९७६ मध्ये केलेला कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला.

घरी डाव मांडणाऱ्याने कौशल्याच्या वादापेक्षा एका गोष्टीकडे अधिक पाहावे. प्रत्येक पॉटमधून यजमान काही कापून घेतो का? कॅसिनोत अशा कपातीला ‘रेक’ म्हणतात आणि तेच त्याचे उत्पन्न असते. घरातही ‘चहा-बिर्याणीचा खर्च’ म्हणून पॉटमधून टक्केवारी काढण्याची पद्धत शिरली आहे. सत्यनारायण खटल्यातच सर्वोच्च न्यायालयाने बसण्याचे माफक शुल्क आणि खेळातून कमावलेला नफा यांत फरक केला होता. जागेचा मालक खेळातून लाभ मिळवीत असेल तर ती जागा जुगाराचा अड्डा ठरू शकते, असे त्यात सुचविले आहे. म्हणजे मित्रांनी जेवणाचा खर्च समान वाटून घेणे आणि यजमानाने पॉटला हात घालणे, या दोन गोष्टी कायद्याला एकसारख्या दिसत नाहीत. दुसरी प्रथा तर मैत्रीलाही मानवत नाही.

सदस्यांच्या पत्त्यांच्या खोलीची परंपरा चेन्नईला नवी नाही. १८३२ मध्ये स्थापन झालेला मद्रास क्लब १९६३ मध्ये अड्यार क्लबात विलीन होऊन अड्यार नदीकाठच्या त्याच्या घुमटाच्या वास्तूत आला. या क्लबला लोक ‘एस ऑफ क्लब्ज’ म्हणत. आपल्या भाषेत किलवरचा एक्का. पण सदस्यांचा क्लब निराळा आणि कॅसिनो निराळा. तमिळनाडूत कॅसिनो नाही, म्हणून परवान्याच्या टेबलावर बसावयाचे तर चेन्नईकरास बहुधा गोवाच गाठावा लागतो. तेथे १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांसाठी आणि १९९६ मध्ये जहाजांवरील टेबलांच्या खेळांसाठी दुरुस्ती झाली. प्रवेशासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळण्यास मनाई आहे. जिंकणाऱ्यांनी प्राप्तिकराचाही विचार करून निघावे : पत्त्यांच्या खेळात जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दराने कर लागतो आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही.